फक्त वाचण्यापुरती

मत्र्यात शुक्रवारची दुपार. बाजार मिटलेला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
समोर यादी: नव्या आवृत्तीत
कुठल्या फाइल सिस्टिम ठेवायच्या, कुठल्या काढायच्या.

हिला वाली नाही. काढ.
हिच्यात सहा वर्षांचा ढेकूण,
कुणाच्या चिमटीत येत नाही. काढ.
ही तर फारच जुनी, वापरणारा जगात एखादा. का—

तो एखादा मला माहीत आहे.
सूरचा खमीस, गलबतं बांधणाऱ्यांचा नातू,
रमजानआधी डिस्क घेऊन आला होता
मस्सरात गुंडाळून, अंडं आणावं तशी.
आत बापाने टिपलेली भरती-ओहोटी,
एकोणीस वर्षांची,
आणि आकड्यांच्या मध्येच एक ओळ:
आज मुलगा झाला. वारा नैर्ऋत्येचा.

पण सगळीच दारं उघडी ठेवली
तर राखणीला कोण बसणार?
मी एकटा. तोही नोकरी सुटल्यावर,
तोही व्हिसा आहे तोवर.

लिहिण्याचा भाग काढून टाकला.
वाचण्याचा ठेवला, साडेचारशे ओळी.
सांभाळणारा, या रकान्यात
माझं नाव घातलं, खोडलं, पुन्हा घातलं.

बादली भरली होती. ओतून आलो.