किडेवाली

गावात माझं नाव कुणी घेत नाही.
पोरं लांबूनच ओरडतात, "किडेवाली आली!"
मंगळवार, शनिवार. धर्माबादहून पहिल्या जीपनं.
सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली,
पिशवीत भिंग, फूटपट्टी, वही
आणि पेन्सिल. पेनाची शाई बांधावरच वाहून जाते.

पोशट्टी येलमेवारांची दीड एकर साळ, तळ्याखालची,
जिथून नदीपलीकडचे तेलुगू भोंगे ऐकू येतात.
शेतात तिरकं चालायचं,
वीस चूड मोजायचे,
प्रत्येकाच्या बुडाशी वाकून बघायचं,
बाळाच्या कानामागं बघतात तसं.

लावणीलाच भांडण झालं होतं.
मी म्हटलं, रोपांचे शेंडे खुडा,
खोडकिडीची अंडी तिथंच असतात,
भुऱ्या लवेची टिकली लावल्यासारखी.
लसमाबाई चिखलात वाकल्या वाकल्या हसली,
"जावळ काढून मग सासरी धाडायचं म्हणायलीस की!"
आणि तिनंच मुठीमुठीनं शेंडे उडवले.
टोपलंभर टिकल्या चुलीत गेल्या.

ऑगस्टात पहिला गाभा वाळला.
ओढला की सुटून येतो हातात,
जरासुद्धा न अडता.
खालचं टोक कुरतडलेलं, ओलं, कुजकट.
शंभरात तीन.
पोशट्टीनं पंप पाठीवर घेतलाच होता.
"पाच झाले की मारायचं," मी म्हटलं.
"अन् हे तीन का तुझे पाव्हणे हायत?"
मी चतुर दाखवले, कोळ्याचं जाळं दाखवलं,
वहीतलं कोष्टक दाखवलं.
तो कोष्टकाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मग पंप उतरवला.

त्या रात्री मला झोप नाही.
पाच हा आकडा कुणी ठरवला, मला ठाऊक नाही.
मी तो फक्त पाठ केलाय.

शनिवारी चार.
मंगळवारी चारच.
बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या, त्यांवर कोतवाल येऊन बसायला लागला,
शेपटी दुभंगून, सगळं शेत आपलंच असल्यासारखा.
पुढच्या शनिवारी दोन.
पोशट्टी काही बोलला नाही.
भाकरीवर अंबाडीची भाजी घालून
माझ्यापुढं सरकवली.

शेजारी नवसाजी.
त्यानं पोळ्यानंतर दुकानदारानं दिली ती बाटली मारली.
वास तीन बांध ओलांडून आला.
पाण्यावर कोळी उताणे.
"बघ, कसं साफ!"

दसऱ्याच्या आसपास त्याच्या शेतात मधोमध
एक गोल करपला,
बाजेएवढा. आठ दिवसांत खळ्याएवढा.
मी बुडाशी वाकले. तपकिरी तुडतुडे.
एका चुडात साठ मोजले,
नंतर बोट थांबलं.

पाणी काढा, म्हटलं. दर दहा ओळींनी पट्टा मोकळा करा,
वारा शिरू द्या खाली. युरियाचं पोतं परत करा.
त्यानं सगळं ऐकून घेतलं.
मग शांतपणे विचारलं,
"आधी का नाही आलीस माझ्या बांधावर?"

माझ्या वहीत गावातली दोनच शेतं असतात.
वरून ठरून येतात.
हे मी त्याला सांगितलं.
सांगताना आपलंच बोलणं ऐकू येतं, तसं ऐकू आलं.

तेव्हापासून शेवटच्या पानावर,
जिथं रकाने छापलेले नाहीत,
नवसाजीचे वीस चूड लिहिते.
ते कुठं पाठवायचे नसतात.

आता लोंब्या वाकल्यात. दाण्यातलं दूध घट्ट झालंय.
पोशट्टीचा नातू सायन्ना
काल रात्री दिव्याखालच्या घमेल्यावरून उठलाच नाही म्हणे,
रॉकेलच्या पाण्यात पडण्याआधीच
एक किडा त्यानं आगपेटीत धरला.
"हा आपला, का त्यांचा?"

भिंगाखाली धरला. हिरवट पंख, लांब मिशा,
एक पाय नाही.
कोष्टकात नाही. मला नाही ओळखता आला.
"शनिवारी सांगते," म्हटलं.

जीप कुंडलवाडीच्या वळणावर आलीय.
पिशवीत, वहीला टेकून,
आगपेटीच्या आत काहीतरी खरवडतंय.