दुसरी बाजू, चार मिनिटं दहा

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या, किल्ल्या नसलेली कुलुपं
आणि एका मिक्सरच्या उघड्या मोटरीशेजारी
हा ड्रमर पडला होता.
कव्हरवर अर्धा चेहरा, बाकी सगळी झांज.
विकणारा म्हणाला, इंग्लिश आहे, दीडशे.
म्हटलं, यात कुणी गात नाही.
म्हणाला, मग शंभर.

मागे शाईनं: ए. लोबो, सोलापूर बाजार, १९७८.
नावांच्या शेजारी पेन्सिलीच्या खुणा,
मिनिटं, सेकंद, कुठे नुसतं टिंब,
आणि एका जागी इंग्रजीत, टोक मोडेल इतकं दाबून:
इथे ऐक.
कुणाला सांगत होता लोबो?
दोनदा जाऊन विचारून आलो कॅम्पात.
बेकरीवाला म्हणाला, लोबो तीन होते.
तिघेही गेले. कुठे, ते प्रत्येकाचं वेगळं.

रात्री लावतो.
नाव त्याचं, पण तो पुढे येत नाही.
गिटार येते भांडत, जिन्यात चप्पल हरवल्यासारखी,
पियानो विजेवरचा, बादलीत बुडवलेल्या घंटेचा,
आणि हा मागे बसून
पंगतीत वाढणाऱ्यासारखा
कुणाच्या पानात काय संपलंय तेवढंच बघतो.

सात मात्रा. पहिल्यांदा मोजलं तेव्हा हसलोच.
भवानी पेठेत डिंगणकर मास्तरांकडे
दोन वर्षं हेच सात गिरवले होते,
ती ती ना, धी ना, धी ना.
रूपकात समेलाच खाली.
मास्तर म्हणायचे, जिथे सगळे हाणतात
तिथे तू हात उघडा ठेव.
मला नाही जमलं.
मी भोसरीला प्रेसवर लागलो.

दोनशे टनी प्रेस, एकतीस वर्षं.
तिचाही ताल होता. एकच मात्रा,
आणि तीच सम, दर चार सेकंदांनी.
कापसाचे बोळे फक्त साहेब आला की कानात.
डावा कान तिनं अख्खा नेला,
उजव्यातलं बारीक बारीक निवडून नेलं:
चिमण्या, बांगड्या, दाराबाहेरची बेल.
डॉक्टरांनी आलेख दाखवला.
पर्वतीच्या पायऱ्या, फक्त उतरायच्या.

तर दुसरी बाजू, चार मिनिटं दहा.
गिटार थांबते. पियानो थांबतो. बेस थांबतो.
ड्रमही.
बावीस सेकंद काही नाही,
मग सगळे एकदम, एकाच पायावर हजर.
कसे, कळत नाही.
मनात म्हटलं, लोबोसाहेब, शांतता ऐकायची होय. बरं.
तीन महिने त्या शांततेला मी दाद दिली,
एकटाच, मान हलवून.

वरच्या फडतऱ्यांची रेवा, वय अकरा,
डबा परत द्यायला आली, उभी राहिली.
काका, हे काय वाजतंय?
आत्ता काही नाही, म्हटलं. ही शांतता आहे.
नाही हो. वाजतंय. बारीक, सारखं.
ताटाच्या काठावर कुणी नखानं करतं ना, तसं.

झांज.
तो थांबलाच नव्हता.
सगळ्यांनी हात काढून घेतल्यावर
काडीच्या टोकावर त्यानं एकट्यानं
सगळं घर उचलून धरलं होतं,
आणि मी तीन महिने
रिकाम्या खोलीचं कौतुक करत होतो.

उजवा कान स्पीकरला लावला. नाही.
बोटं लावली लाकडाला. नाही.
मग म्हटलं, रेवा, परत लाव,
आणि तुला ऐकू येतं तसं वाजव, इथे, तळव्यावर.

सुई ठेवताना ओरखडा पाडला तिनं. पडू दे.
निळी शाई लागलेलं बोट,
धी ना, धी ना,
दुसऱ्याच आवर्तनात चुकली, जीभ चावली, पुन्हा धरलं.
पण पहिल्या मात्रेला दरवेळी
बोट वर, हवेत.

तिथे काय आहे गं?

तिथे तो काहीच वाजवत नाही ना, म्हणाली,
आणि वरून हाक आली तशी पळाली,
द्यायला आणलेला डबा
हातात तसाच घेऊन.