एक सोडून

(स्लेटच्या खाणीचं गाव, वेल्स, १८७१)

वाचन, लेखन, गणित.
एका विषयात एक पोर नापास
की दोन शिलिंग आठ पेन्स
माझ्या पगारातून वजा.

म्हणून एबेनला आज
तापातच, शालीत गुंडाळून बोलावून घेतलंय.
त्याची आई दाराशी उभी आहे.
मी फळा पुसतो. पुसलेला फळा पुन्हा पुसतो.

साहेब पुस्तक पुढे करतात.
एबेन घडाघडा म्हणतो बारावं पान,
इंग्रजीतलं, ज्यातला एक शब्दही
त्याच्या घरात कुणी बोलत नाही.
पुस्तक उलटं धरलंय त्यानं.
साहेबांना दिसतं. ते खोकतात,
आणि बरोबरची खूण करतात.

लोवरी मात्र ‘कॅट’पाशी अडली.
मान वर करून, आमच्या बोलीत:
“मास्तर, ही मांजर कुणाची?”

अख्ख्या वर्षात पहिल्यांदाच
या खोलीत कुणीतरी
काहीतरी वाचलं होतं.

साहेबांची पेन्सिल थांबली नाही.
दोन शिलिंग आठ पेन्स.

रात्री बायकोनं विचारलं,
झाली का पास सगळी?
म्हटलं, हो. एक सोडून.
कोण, ते तिनं विचारलं नाही.
मीही लोवरीचं नाव घेतलं नाही.