घरी वाचा

आमची देवणी माजावर आली की
बाप रस्त्यातूनच ओरडत यायचा,
"बिराजदार डॉक्टरला सांगावा धाडा!"
अख्ख्या गल्लीला कळायचं.
डॉक्टर फटफटीवर, मागं थंड वाफेचा डबा.
खांद्यापर्यंत मोजा चढवत सांगायचे,
"हे गर्भाशय, हे त्याचं तोंड.
एकवीस दिवसांनी उलटली तर समजा, राहिली नाही."
शेपूट धरून मी उभी. वय अकरा.
माय चुलीपासून विचारायची,
कालवड होईल का गोऱ्हा?
लाजत कुणीच नव्हतं.
गायसुद्धा.

त्याच उन्हाळ्यात प्रयागच्या परकराला डाग पडला
आणि घरातले शब्द संपले.
"कावळा शिवला," एवढंच माय म्हणाली.
मी माळवदावर चढून पाहिलं.
कावळा नव्हता.
वाळत घातलेल्या मिरच्या होत्या.

नववीला सोनटक्के सर त्या धड्यापाशी आले,
खडू खिशात टाकला,
"हा घरी वाचा."
पोरांनी तो उदगीरच्या स्टँडवर वाचला,
पिवळ्या कव्हरात,
साफ चुकीचा.

त्याआधीच, सोळावं लागायच्या आत,
प्रयागचं लग्न होऊन गेलं होतं.
पंचमीला माहेरी आली,
रात्री वाकळेत कुजबुजली,
"तुझ्या पुस्तकात हाय का गं,
दुखायचं कधी थांबतं?"
मला गाईचं ठाऊक होतं.
तेवढंच सांगितलं.

आता तो धडा मी शिकवते.
पोरं-पोरी एकत्र, दार उघडं.
मुख्याध्यापक व्हरांड्यात उगाच खोकतात.
पहिल्या दिवशी हसून हसून मैनोद्दीन बाकाखाली गेला.
तोच शब्द तिसऱ्यांदा फळ्यावर आला
तेव्हा त्यानं वहीत उतरवला,
वेलांटी विचारून.

चिठ्ठ्यांसाठी बिस्किटाचा डबा ठेवलाय.
नाव लिहायचं नाही.
"मिसरूड उशिरा फुटली तर?"
"पाळीत पळायच्या शर्यतीत उतरावं का?"
"नाही म्हटलं तर नवरा सोडून देतो का?"
या तिसऱ्या चिठ्ठीला अख्खा तास गेला,
तरी पुरला नाही.

काल एक निघाली,
हळदीचं बोट उमटलेली.
अक्षर मोडकं, पण पोराचं नव्हे.
"मला तीन झाली.
पहिल्यापासून सांगता का?"

खिचडीच्या खोलीत कौसाबाई पातेलं घासत होती,
जरा जास्तच जोरात.
तिला एकटीला गाठावं
की शेवटच्या बाकावर जागा करावी,
ठरवत मी नळाशी उभी राहिले,
हात धुऊन झाले होते तरी.