विरजण

रविवारी परळच्या लॅबमध्ये मी एकटीच.
पेशींना सुट्टी कळत नाही.

काल गुलाबी होतं ते द्रावण आज पिवळट,
म्हणजे रात्रभर साखर खाल्ली
आणि आंबवून ठेवलं.
पिपेटने ओढून घेते, ताजं घालते, साखर बेतानेच.
जास्त झाली की याही अकाली म्हाताऱ्या होतात.
बाबांच्या पायाची बोटं आठवतात.

घोसाळकर मॅडमनी ऑक्सिजन दोन टक्क्यांवर आणलाय.
इतक्याशा हवेत आपण गुदमरू;
या मात्र अशातच कोवळ्या राहतात,
काहीच न ठरवलेल्या.
भरपूर श्वास मिळाला की आतल्या भट्ट्या पेटतात
आणि मग कुणीतरी व्हावंच लागतं.

शिवडीचा ताहीर, वय नऊ.
मामाच्या पानटपरीवर चुन्याची पुडी दाबली,
ती डोळ्यात फुटली.
दुसऱ्या डोळ्याच्या काठावरून तिळाएवढा तुकडा आला,
तो आता कुणा बाळंतिणीच्या वारेच्या पडद्यावर
नखाएवढा पसरलाय.

गुरुवारी ऑपरेशन.
सगळ्यांनीच काच व्हायची घाई केली
तर वर्षभरात झिजून संपतील.
काहीजणी मागे राहायला हव्यात,
अर्धपोटी, काठाशी.

आई दह्यातलं चमचाभर आधी बाजूला काढायची,
पंगत बसलेली असली तरी.
मला तो चिकटपणा वाटायचा.

दार लावते. सदतीस अंश.
वहीत वेळ टाकते, बारा वीस.
घरी विरजण उरलंय का,
आठवत नाही.