टेलपर्यंत

"अंशराशीकरण," अकौंटचा पठाण म्हणाला,
"म्हणजे पेन्शनीचा एक तुकडा आत्ताच विकायचा.
पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ण."
मी बोटं मोजली. अठ्ठावन्न अन् पंधरा.
आमच्या बापानं एकसष्टीही पाहिली नाही.

चौतीस वर्षं पाथरी शाखेवर
कालव्याची गेजपट्टी वाचली मी.
हेडवाले ऊस भिजवून झोपायचे,
टेलवाल्याच्या चारीत बेडकं वाळायची
अन् रजिस्टरात मी लिहायचो:
आवर्तन पूर्ण.

आता त्याच रजिस्टराच्या कोऱ्या पानांवर
घराचं आवर्तन मांडून बसलोय.
हेडला धाकट्याचं मानवतचं दुकान,
मग गळकं छत, भाचीचं लग्न,
मग शेवंताचा गुडघा.
जो तो रात्रीतून आपलं गेट
चार बोटं वर उचलतो.
सत्तरीच्या पुढचं रान
कोरडंच.

शेंगा फोडता फोडता शेवंता विचारते,
"मृतसाठा कशाला म्हणतात हो?"
"दरवाजाच्या खाली राहतं ते पाणी.
कुणी कितीबी ओरडलं तरी कालव्यात येत नाही."
"मग तेवढं ठेवा की."
अन् फोलपटं सुपात सारते.

सकाळी पोस्टात गेलो.
दोघांच्या नावानं खातं.
धाकट्याला अजून सांगितलं नाही,
सांगायला कुठून सुरुवात करावी
कळत नाही.

फॉर्मवर वयाच्या रकान्यात
हातानं सवयीनं लिहिलं
एक पॉइंट चार मीटर.

खिडकीतल्या पोरीनं कागद मागं सारला.
"आजोबा, नवा भरा."
मी मागं वळून पाहिलं,
कोणाला म्हणाली.