मागची सीट

कळविण्यात येते की.
या तीन शब्दांवर माझं घर चाललं,
मुलीचं इंजिनिअरिंग झालं.
एकोणतीस वर्षं गुरुवारी पाणी बंद ठेवण्यात आलं,
टपऱ्या हटवण्यात आल्या.
कुणी, असं विचारायला कुणी आलं नाही;
आलंच, तर साहेब मीटिंगमध्ये.

वरच्या मजल्यावरचा दुर्वेश गोडांबे
एक बनवलेली भाषा शिकतो. लोजबान.
जगात कुणाच्याच आईची नाही.
रविवारी पोह्यांची बशी गुडघ्यावर ठेवून
त्याने मला एक शब्द दिला: काट्ना.
"हिंदीचा वास येईल, काका."
काट्नाच्या पोटात जागा ठरलेल्या.
पहिली कापणाऱ्याची, दुसरी कापल्या गेलेल्याची.
अलीकडे 'से' लावलं
की दोघं जागा बदलतात,
पीएमटीत खिडकीसाठी बदलतात तशी.

"म्हणजे आपला कर्मणी."
"जवळपास. पण कापणारा बसमधून उतरत नाही.
मागच्या सीटवर जातो, इतकंच.
नाव नाही घेतलंत तरी तिथे
झोहे बसलेला असतो."
"हा कोण?"
"कुणीतरी. सांगायची गरज वाटली नाही असा."

सोमवारी टेबलावर
वारज्याच्या कालव्याकडेचा करंज.
सदर वृक्ष काढून टाकण्यात आला आहे.
अक्षर माझंच.
कागद उलटा करून पेन्सिलीने लिहिलं:
ले त्रिशू शू से काट्ना
आणि पुढे थांबलो.

तिथे करवतवाला नागेश बसवून पाहिला.
रोजंदारीचा माणूस,
त्याच करंजाखाली डबा उघडायचा.
साहेब बसवले. ते बदली होऊन सोलापूरला.
मग अर्जदार, ज्यांच्या पांढऱ्या गाडीवर
फुलं पडायची.
कुणी नीट बसेना.
फाईल चाळली. पान सात, 'समक्ष पाहणी केली',
खाली माझी लफ्फेदार सही.
त्या दिवशी मी वारज्याला गेलोच नव्हतो.
ऊन फार होतं.

दुर्वेशला फोन लावला.
"स्वतःला काय म्हणतात रे तुमच्यात?"
"मी."
"तू नाही, भाषेत."
"तेच सांगतोय, काका. मी.
मराठीसारखंच."

लिहिलं.
पेन्सिलीचं आहे, पुसट,
कागद उजेडात धरला तरच दिसेल.

चार वाजता फाईल
वर पाठवण्यात आली.